खाटकाला झेपेल असं पुस्तक

वाचनालयाचं दार उघडून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. ग्रंथपाल बाई शिक्क्यावरची तारीख कालवरून आजवर आणत होत्या, तेवढ्यात चौकातला खाटीक आत आला आणि त्याच्याबरोबर साबणाचा असा भपकारा आला की वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. माणूस कोपरापर्यंत हात घासून आला होता. बाईंनी त्याला आजवर काचेपलीकडेच पाहिलं होतं, पांढऱ्या एप्रनमध्ये, बरगड्या तोडताना. इथे मात्र तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. पुस्तकं आपल्या नुसत्या बघण्यानेही फाटतील अशी त्याला धास्ती असावी.

"ख्रिस्ती धर्मावर एखादं पुस्तक मिळेल?" तो म्हणाला. "सोपं हवं. पातळ हवं. आणि धमक्या नकोत."

बाई सव्वीस वर्षं त्या टेबलामागे बसत होत्या. माणसं पुस्तकांकडे का वळतात हे त्यांना पाठ होतं. लग्न मोडलं की प्रवासवर्णनं, छातीत कळ आली की आहारशास्त्र आणि घरातलं कोणी गेलं की देवधर्म. खाटकाची बायको चार महिन्यांपूर्वी गेली हे सगळ्या चौकाला माहीत होतं. म्हणून त्यांनी आवाज जरा मऊ केला.

"मनाला शांतता मिळेल असं काही बघू का?"

"शांतता कसली घेऊन बसलात, बाई! घरात शांतताच शांतता आहे, तीच तर खायला उठलीय. मला भांडायचंय."

"कोणाशी?"

"सासूबाईंशी."

मग त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सासूबाई अकरा वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होत्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. म्हातारी पक्की चर्चवाली. आणि खाटकाचा विश्वास तराजूवर आणि सुऱ्यावर, तिसऱ्या कशावर नाही. अकरा वर्षं दोघं रोज जेवताना देवावरून भांडत आणि बायको मध्ये बसून पंचगिरी करी. तिला दफन करताना सासूबाई म्हणाल्या, "आता ती देवाजवळ आहे." आणि याच्या तोंडून, सगळ्यांदेखत, निघून गेलं, "आता ती मातीत आहे." त्या दिवसापासून घरात दोनच वाक्यं उरली होती, "मीठ द्या" आणि "दार लावा."

"परवा मलाच राहवेना," खाटीक म्हणाला. "मी मुद्दाम कुरापत काढली. म्हटलं, अहो आई, तुमच्या त्या येशूने नेमकं केलं तरी काय? तर माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, अडाण्याशी मी भांडत नाही. आधी काहीतरी वाचून या, मग तोंड उघडा." त्याने पाठीमागचे हात पुढे घेतले. "चार महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य होतं ते. म्हणून आलो."

बाईंचं देवाशी वाकडं नव्हतं, त्यांची मुळात ओळखच झालेली नव्हती. धर्माच्या फळीवरची धूळ त्या इमानाने पुसत, पण पुस्तकं उघडून बघायचा प्रसंग आला नव्हता. सुदैवाने सूचनाफलकावर चर्चच्या पाळकांनी स्वतः टाचलेली यादी होती, "नव्या वाचकांसाठी शिफारस" अशी. तिच्यातलं पहिलं पुस्तक त्यांनी काढून दिलं. दोन खंड होते, मिळून नऊशे पानं.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही खंड टेबलावर धप्पकन येऊन पडले.

"बाई, हे पुस्तक नाही, ठोकळा आहे. पहिलं वाक्य दीड पानाचं. क्रियापद यायच्या आत माझी तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. आलं तेव्हा कर्ता कोण होता तेच विसरलो."

बाईंनी मग एक नरम, रंगीत पुठ्ठ्याचं दिलं. पुठ्ठ्यावर हिरवं कुरण आणि त्यावर मेंढरं. तेही परत आलं.

"हे चित्र कोणी काढलंय?" खाटकाने मेंढरावर बोट ठेवलं. "याचे मागचे गुडघे उलटे आहेत. हे जनावर जन्मात उभं राहणार नाही. बरं, तेही सोडलं. आत लेखक दर पानावर मला 'माझ्या लाडक्या मित्रा' म्हणून मिठी मारतो. आमची ओळख ना पाळख!"

तिसरं प्रश्नोत्तरांचं होतं. सातव्या पानावरच त्यात पाप्यांना आगीत टाकलं होतं, पुढच्या पानावर त्यांना पलटलं होतं.

"धमक्या नकोत म्हटलं होतं ना?" खाटीक हताश होऊन म्हणाला. "आणि भाजण्याबद्दल मला कोणी शिकवू नये. एवढ्या आचेवर कोळसा होतो, शिक्षा नाही."

आता मात्र बाईंच्या वर्मावर घाव बसला. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून कोणी रिकाम्या हाताने परत गेलेलं नव्हतं. एकदा एका माणसाला त्यांनी कबुतरांच्या पोटदुखीवरचं पुस्तक काढून दिलं होतं. आणि दोन हजार वर्षं चालत आलेल्या धर्मावर एका खाटकाला झेपेल असं पुस्तक सापडू नये? जेवणाच्या सुट्टीत त्या तळघरात उतरल्या. तिथे लोकांनी दान केलेली पुस्तकं रद्दीची वाट बघत पडून असत. एका उलट्या खोक्यावर बसून, डबा मांडीवर ठेवून, त्या एकेक उघडू लागल्या. पहिल्यात लेखक स्वतःच्याच गुरूंशी भांडत होता आणि वाचकाला विसरला होता. दुसऱ्यात इतके नकाशे होते की देवापर्यंत जायला वाटाड्या लागावा. तिसऱ्यात सगळं होतं, पण शेंडा ना बुडखा. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी हाताला एक पातळसं पुस्तक लागलं. एकशे बारा पानं, पुठ्ठा करड्या रंगाचा, कण्यावर नावसुद्धा नाही. कोण्या निवृत्त शाळामास्तरणीने आपल्या धाकट्या भावासाठी लिहिलेलं. सुरुवात अशी होती: 'माझा भाऊ गवंडी आहे. तो म्हणतो, आधी पाया दाखव, मग भिंतींचं बोल. म्हणून मी जगाच्या निर्मितीपासून सुरू करत नाही. एका सुताराच्या घरी वाढलेल्या माणसापासून करते.' पुढे तो माणूस कोण, कोणाबरोबर जेवला, कोणाला खटकला, का मारला गेला आणि त्याच्या मित्रांनी नंतर काय सांगत फिरायला सुरुवात केली, हे सगळं तिने असं लिहिलं होतं की जणू स्वयंपाक करता करता भावाला सांगतेय. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच ओळ: 'इथवर मला कळलं. पुढचं अजून कळलेलं नाही.'

बाई तिसाव्या पानावर पोचल्या तेव्हा डबा तसाच होता आणि वर कोणीतरी टेबलावरची घंटा बडवत होतं. त्यांना काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. देव आहे की नाही कोण जाणे, त्यांनी मनाशी म्हटलं, पण ही बाई नक्की आहे.

रात्री घरी नेऊन त्यांनी ते संपवलं. सकाळी खाटकाने पुस्तक हातावर तोललं. "वजनाला बरं आहे," म्हणाला आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई कारण नसताना दाराकडे बघत राहिल्या. पाचव्या दिवशी वाचनालय बंद व्हायच्या सुमारास तो आला, मोकळ्या हाताने, आणि त्याचा चेहरा जत्रेतून आल्यासारखा फुललेला.

"जुंपली!" तो म्हणाला. "काल जाम जुंपली!"

सासूबाईंना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नव्हतं, म्हणून खाटीक रोज जेवणानंतर मोठ्याने वाचत होता आणि एकेका ओळीवर दोघांची खडाजंगी होत होती. परवा हरवलेल्या मेंढराची गोष्ट निघाली.

"मी म्हटलं, अहो आई, नव्व्याण्णव मेंढरं उघड्यावर टाकून हा गडी एकाच्या मागे जातो? याला कळप सोपवला कोणी? धंद्याची वाट लावेल. तर म्हणतात कशा, असला हिशेब नव्व्याण्णवांतला करतो, जावईबापू. हरवलेला करत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पान उलटलं. पण काल मी पकडलं त्यांना. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन आहेत म्हणे, पण एकच. मी म्हटलं, मी दुकानात असं मोजून दिलं तर गिऱ्हाईक पोलीस बोलावेल. यावर त्या अर्धा तास बोलल्या, आणि शेवटी त्यांचं त्यांनाच कळेना काय बोलल्या ते. मग चिडून म्हणाल्या, पुढचं वाचा! पुढचं काय, तर ती मास्तरीण लिहिते, इथवर मला कळलं." खाटीक खदाखदा हसला. "मुदत वाढवून द्या, बाई. अजून सहा प्रकरणं भांडायची आहेत."

बाईंनी आनंदाने शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी पाळक आले. उंच, सडपातळ, चाळिशीतले गृहस्थ. आवाज असा की "आज हवा बरी आहे" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला अपराधी वाटावं. त्या दिवशी मात्र आवाज वरच्या पट्टीत चढला होता.

"तुम्ही आमच्या एका आजींच्या घरी कुठलं पुस्तक पाठवलंत?"

घडलं होतं ते असं. रविवारी पाळक त्रैक्याच्या, म्हणजे त्याच तीन-पण-एकच्या, गूढावर प्रवचन देत असताना सासूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि भर सभेत त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कळलंय, की नुसतं पाठ आहे?" मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. पेटी वाजवणारीचा हात घसरून भलताच सूर निघाला.

"साठ वर्षं श्रद्धेने येणारी बाई," पाळक म्हणाले, "आणि आता प्रश्न विचारतेय! ते पुस्तक फळीवरून काढून टाका. लेखिका स्वतःच म्हणते की तिला कळलेलं नाही. असलं पुस्तक कोणी नवशिक्याला देतं का?"

"तुम्ही वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"वाचायची गरज नाही."

"मग तुमच्यात आणि खाटकात फरक काय राहिला? तोही इतकी वर्षं न वाचताच बोलत होता."

पाळकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ते काही बोलायच्या आत बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दारावर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लटकवली आणि म्हणाल्या, "पुस्तक त्यांच्याकडेच आहे. चला, तिथेच बघा काय लिहिलंय ते."

दुकान दुपारी बंद असे. बाजूच्या अरुंद जिन्याने दोघं वर चढले. खोली लहान पण लख्ख. टेबलावर निळ्या चौकड्यांचं मेणकापड, त्याभोवती चार खुर्च्या. एकीवर खाटीक चष्मा लावून बसला होता, समोर सासूबाई, चिमणीएवढ्या, पाठ मात्र फळीसारखी ताठ. पाळकांना पाहून त्या उठल्या नाहीत.

"या. रागावून आलात ना? बसा."

बाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या, पाळक खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले.

"तिथे नको!" सासू आणि जावई एका दमात ओरडले.

पाळक हबकून बाजूला झाले. त्या खुर्चीच्या पाठीवर बाईमाणसाचं एक लोकरीचं जाकीट नीट घडी करून ठेवलेलं होतं. सासू-जावयांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, आणि त्याचं काय करावं ते दोघांनाही कळेना. खाटीक आतून एक स्टूल घेऊन आला. त्यावर पाळक गुडघे छातीशी घेऊन बसले.

"कुठवर आलंय?" बाईंनी विचारलं.

"आठवं प्रकरण," सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले, आठव्याच्या दुसऱ्या पानावर गाडी रुतलीय. जावईबापू म्हणतात उजेड पुरत नाही."

खिडकीतून भरदुपारचं ऊन मेणकापडावर सांडलं होतं. खाटकाने चष्मा काढून एप्रनच्या कडेने पुसला.

"मी वाचू का?" पाळकांनी मृदूपणे हात पुढे केला.

"तुम्ही नको," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत की सगळं सोपं वाटायला लागतं. या बाईंना वाचू द्या. यांचा विश्वास नाही ना कशावर? बरं आहे. गाळून वाचणार नाहीत."

बाईंनी पुस्तक घेतलं. त्यांना आठवं प्रकरण माहीत होतं.

'मेलेली माणसं उठतील असं आम्ही मानतो,' त्यांनी वाचलं. 'हे मी भावाला सांगितलं तेव्हा आमची आई जाऊन महिना झाला होता. तो म्हणाला, मग तिचा चष्मा टाकायचा की ठेवायचा? मला उत्तर आलं नाही. चष्मा ठेवला आहे. इथवर मला कळलं. पुढचं अजून कळलेलं नाही.'

खालच्या रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. खाटकाने दोन्ही हात मेणकापडावर पालथे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"आई," तो म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते..."

"खरंच बोललात. मातीतच आहे. मी काय पाहिलं नाही का? पहिली मूठ मीच टाकली." सासूबाईंचा आवाज कोरडा होता. "आणि मी ती देवाजवळ आहे म्हणाले ना, ते तुम्हाला नव्हतं सांगितलं. मोठ्याने अशासाठी म्हटलं, की मला स्वतःला ऐकू यावं. आणि तेवढ्यात तुम्ही मध्ये बोललात."

"मला काय माहीत!"

"तुम्हाला कधी काय माहीत असतं!"

एवढं म्हणून म्हातारी रडायला लागली, आवाज न करता, पाठ तशीच ताठ ठेवून. खाटीक उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि तिच्या खुर्चीशेजारी नुसता उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. शेवटी त्याने एक पंजा तिच्या खांद्यावर ठेवला. म्हातारीचा खांदा त्याखाली दिसेनासा झाला.

"भार जरा कमी करा," ती हुंदक्यातून म्हणाली. "मी बकरी नाही."

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पाळक मात्र त्या खुर्चीवरच्या जाकिटाकडे बघत होते.

"मलाही माहीत नाही," ते एकाएकी म्हणाले, आणि आवाजात प्रवचनाची घंटा नव्हती, साधा माणसाचा आवाज होता. "माझा विश्वास आहे. माहीत असणं वेगळं. माझे वडील गेले तेव्हा मीच दफनविधी केला. सगळं पाठ म्हटलं, एक शब्द चुकला नाही. घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही."

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "हे रविवारी का नाही सांगितलंत? इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ऐकण्यासारखं बोललात."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जागे राहतील!" खाटीक म्हणाला. "तसेही आपण एकाच धंद्यातले, पाळकसाहेब. तुम्ही पाळता, मी कापतो. मधली माणसं तेवढी झोपून राहतात."

पाळकांना हसू आवरेना. हसता हसता स्टूल कलंडलं आणि धर्माचे अधिकारी मेणकापडाचं टोक धरून जमिनीवर बसले. खाटकाने त्यांना काखेत हात घालून उचललं, अगदी सवयीने, आणि वजनाचा अंदाजही सांगून टाकला.

त्यानंतर काय झालं म्हणाल, तर फारसं काही नाही आणि बरंच काही. खाटीक ख्रिस्ती झाला नाही. रविवारी तो सासूबाईंना हाताला धरून चर्चमध्ये नेतो, मागच्या बाकावर बसतो आणि पाळकांचं वाक्य लांबलं की घसा खाकरतो. पाळकांनी पुस्तक आठवडाभरासाठी नेलं आणि तीन आठवडे ठेवलं. परत केलं तेव्हा समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. बाईंनी त्या नियमाप्रमाणे खोडून काढल्या, पण आधी वाचल्या. फलकावरच्या यादीतून नऊशे पानांचा ठोकळा खाली घसरला. करड्या पुठ्ठ्याच्या आणखी तीन प्रती बाईंनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पैदा केल्या, त्याही सारख्या बाहेरच असतात. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या स्वतः वाचू शकतात, पण जावयाला वाचायला लावतात. स्वतःच वाचलं तर भांडायचं कोणाशी?

परवा एक तरुण शिंपीण वाचनालयात आली. नवरा चर्चला जातो, हिला त्यातलं ओ का ठो कळत नाही, तिला काहीतरी सोपं हवं होतं. बाई उठेपर्यंत, वर्तमानपत्र चाळत उभा असलेला खाटीकच पुढे झाला आणि फळीवरून पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं.

"हे न्या. एकशे बारा पानं, मिठ्या नाहीत, आग नाही. फक्त एक आहे, हे एकट्याने वाचून उपयोग नाही. घरात कोणीतरी कडकडून भांडणारं लागतं."

"आमचे हे कधी भांडतच नाहीत हो," शिंपीण काळजीने म्हणाली. "सगळ्याला हो म्हणतात."

खाटकाने वाईट वाटून मान हलवली.

"मग आमच्याकडे या. सासूबाई चार ते सहा मोकळ्या असतात."